कुंडीतलं जिरेनियम वाढत नाहीये? गोव्यात आधी मुळं बघा, खत नंतर

जिरेनियम वाढेनासं झालं की आपला हात पहिला जातो तो खताच्या डब्याकडे, आणि माझं सांगणं आहे की तो डबा आधी बाजूला ठेवा. गोव्यात कुंडीतलं जिरेनियम उपाशी आहे म्हणून रखडलंय असं फार कमी वेळा असतं. बहुतेक वेळा मुळांना हवा मिळत नसते, नाहीतर माती आम्लधर्मी झालेली असते, नाहीतर तो मोसमच त्याच्या वाढीचा नसतो, आणि या तिन्ही वेळेला वरून खत घातलं तर जी काही चार मुळं जिवंत असतात तीही जळतात. म्हणून तपासणी खालून वर करायची, आधी मुळं, मग माती, मग पाणी, मग ऊन, आणि खत सगळ्यात शेवटी.

हे झाड मुळात दक्षिण आफ्रिकेचं, जास्त करून तिथल्या केप भागातलं. बियांच्या पाकिटावर पेलार्गोनियम लिहिलेलं असलं तरी आपण ज्याला जिरेनियम म्हणतो तेच ते. त्याची जाडसर देठं बघा, लवदार पानं बघा, पाणी साठवून ठेवून कोरड्या हवेत दिवस काढायची सवय असलेलं झाड आहे. आणि आपण त्याला आणून ठेवतो अशा ठिकाणी जिथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे उटी, महाबळेश्वर, बंगळूर इथल्या फोटोंतली जिरेनियमं बघून आपलं झाड तसं बारा महिने फुलेल अशी अपेक्षा ठेवली तर तुम्हालाही त्रास आणि झाडालाही.

महिना कुठला चाललाय?

कोणी मला विचारलं की जिरेनियम वाढत नाही, काय करू, तर मी आधी महिना विचारतो. आपल्याकडे त्याचे खरे वाढीचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चचे पहिले पंधरा दिवस. रात्री २० डिग्रीच्या आसपास येतात, हवा जरा कोरडी होते, तेव्हा नवी पानं फुटली पाहिजेत, कळ्या आल्या पाहिजेत. या दिवसांत झाड महिनाभर जागच्या जागी असेल तर मात्र नक्की काहीतरी बिघडलंय, शोधायलाच हवं.

एप्रिल-मे मध्ये पारा ३२-३३ च्या वर जातो, घाम सुकत नाही अशी हवा, तेव्हा जिरेनियम थांबतं. फुलांचे गुच्छ बारीक येतात, कळ्या उमलायच्या आधीच सुकतात, कधी कधी नवीन पानं मधोमध फिकट, जवळजवळ पांढरी येतात. हा उष्णतेचा परिणाम, रोग नाही, आणि लोहाची कमी समजून तेव्हा आयर्नची पावडर घालायची गरज नाही, सावली दिली की पुढची पानं हिरवी येतात. जून ते सप्टेंबर तर त्याला फक्त जगवायचं. त्या चार महिन्यांत वाढ होत नाही म्हणून झाडाला डोस देत बसू नका.

आणि नर्सरीतून आणलेलं झाड पहिले चार-सहा आठवडे तसंच उभं राहिलं तरी घाबरू नका. आपल्याकडे विकायला येणारी पुष्कळशी रोपं बाहेरून, थंड हवेच्या बाजूहून येतात, आणि ती बुटकी, गच्च आणि फुललेली दिसावीत म्हणून मोठ्या नर्सऱ्यांत वाढ रोखणारी औषधं वापरायची पद्धत आहे. त्याचा असर उतरायला वेळ लागतो.

कुंडी उलटी करा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि लोक हेच टाळतात, झाड दुखावेल म्हणून. दुखावत नाही. आदल्या दिवशी पाणी घालू नका. सकाळी दोन बोटं देठाच्या दोन्ही बाजूंना ठेवून तळहाताने माती धरा, कुंडी उलटी करा आणि तिची कड पायरीच्या कोपऱ्यावर हलकेच आपटा. मातीचा गोळा अख्खा हातात येतो. तो येत नसेल आणि माती चिखलासारखी ओघळत असेल तर मुळं जवळजवळ नाहीतच, उत्तर तिथेच मिळालं.

गोळा हातात आला की बाहेरची मुळं बघा. चांगली मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर, टणक असतात. एखादं तपकिरी मूळ चिमटीत धरून हळू ओढा, साल सरकून बोटांत आली आणि आत नुसता बारीक दोरा उरला तर ते कुजलेलं आहे. नाकाशी धरा. पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर ठीक, गटाराची घाण आली तर खाली हवा पोचतच नाहीये. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, मातीतले अगदी बारीक जंत, आणि बागेतली माती तशीच उचलून भरली की ते येतात. कुंडीच्या आतल्या भिंतीला आणि गोळ्याला पांढरी कापसासारखी भुकटी लागलेली असेल तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण, हा वरून कधीच दिसत नाही आणि झाड मात्र महिनोन्‌महिने खंगत राहतं.

आता गोळ्याच्या मधोमध बोट घाला. आमच्या शेजारच्या वहिनींचं लाल फुलांचं जिरेनियम डिसेंबरात आणलेलं, फेब्रुवारी संपत आला तरी तेवढंच्या तेवढं, खालची पानं लालसर होऊन गळायला लागलेली. "भावजी, रोज न चुकता पाणी घालते हो, खतसुद्धा घातलं" म्हणत होत्या. कुंडी उलटी केली तर बाहेरची लाल माती ओलीगच्च आणि मधे नर्सरीचा पीटचा गोळा, त्याच्याभोवतीची जाळीची पिशवीसुद्धा तशीच, आणि आत बोट घातलं तर कोरडा ठणठणीत. मुळं त्या जाळीच्या बाहेर आलीच नव्हती. असला गोळा एकदा पूर्ण सुकला की पाणी आत घेतच नाही, बाजूने वाहून जातं, आणि बाहेरची चिकट माती तेवढी भिजत राहते. म्हणजे झाड तहानलेलं आणि कुंडी चिखलात, दोन्ही एकाच वेळी.

उपाय सोपा आहे. तो गोळा बादलीभर पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत दाबून धरा, पंधरा-वीस मिनिटांत ते थांबतात. मग जाळी कात्रीने कापून काढा, बोटांनी कडेची मुळं सैल करा, थोडी तुटली तरी चालतील, आणि नव्या मिश्रणात लावा. नवीन रोप घरी आणलं की हे पहिल्याच आठवड्यात करून टाकलं तर पुढचा अर्धा त्रास वाचतो.

कुजलेली मुळं निघाली तर ती सगळी कापायची, वरचा पसाराही निम्मा कापायचा कारण उरलेल्या मुळांना तेवढी पानं पोसवत नाहीत, आणि आधीपेक्षा लहान कुंडीत लावायचं. लहान कुंडी म्हटलं की लोकांना पटत नाही. पण एका झाडाला ६ ते ८ इंची कुंडी पुरते, जिरेनियम जरा आवळलेलं असेल तर फुलतंही बरं, आणि १२ इंची कुंडीत छोटं झाड लावलं तर ज्या मातीत मुळंच नाहीत ती माती दिवसेंदिवस ओली राहून सडते.

आपली लाल माती

आता माझ्या मते गोव्यातला सगळ्यात मोठा आणि कोणाच्या लक्षात न येणारा प्रॉब्लेम. आपली जांभ्याची लाल माती मुळातच आम्लधर्मी, आणि लोह तिच्यात भरपूर, तो लाल रंग लोहाचाच. अबोलीला, जास्वंदीला ती चालून जाते. जिरेनियमला मात्र पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा (जितका कमी तितकी आम्लधर्मी), ६ ते ६.५ च्या आसपास लागतो, आणि ५.८ च्या खाली गेला की मातीतलं लोह आणि मॅंगेनीज पाण्यात जास्त विरघळतं आणि हे झाड ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओढून घेतं. मग खालच्या जुन्या पानांवर बारीक तपकिरी, गंजल्यासारखे ठिपके येतात, कडा जळतात, पान सुकतं, आणि वर वाढ थांबलेली. लोक म्हणतात बुरशी आली आणि फवारणी सुरू करतात, महिना जातो, फरक शून्य.

त्यात भर म्हणजे जिरेनियमची मुळं स्वतःच आजूबाजूची माती हळूहळू आम्लधर्मी करत नेतात आणि उष्णतेत हे आणखी वाढतं. वर्षभरापूर्वी बरोबर असलेली माती यंदा बिघडलेली असू शकते. त्यावर आपण युरिया किंवा डीएपी घातलं तर पीएच अजून खाली. म्हणून म्हटलं खत बाजूला ठेवा.

तपासायचं कसं? पीएचच्या कागदी पट्ट्या ऑनलाइन स्वस्तात मिळतात. कुंडीतली दोन-तीन इंच खोलवरची माती एक भाग, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर दोन भाग, ढवळून अर्धा तास ठेवायचं आणि वरच्या निवळ पाण्यात पट्टी बुडवायची. लाल मातीचा गढूळपणा निवळायला वेळ लागतो, घाई केली तर पट्टीचा रंग कळत नाही, कॉफी गाळायच्या कागदातून गाळलं तर बरं. ज्यांची बागायत आहे, जास्त कुंड्या आहेत त्यांनी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात माती परीक्षणाची चौकशी करावी.

पीएच खाली असेल तर डोलोमाइटची पावडर, शेतीच्या दुकानात मिळते, ८ इंची कुंडीच्या मातीत साधारण दोन चहाचे चमचे, ६ इंचीला एक. माती बदलताना मिसळली तर उत्तम, नाहीतर वरच्या थरात खुरप्याने मिसळून पाणी द्यायचं, असर दिसायला महिना-दीड महिना लागतो. त्यात चुन्याबरोबर मॅग्नेशियमही असतं, त्याचाही उपयोग होतो. विड्याच्या पानाला लावायचा चुना घालू नका, तो फार तिखट, मुळं भाजतात. चुलीची राख घालायची तर चिमूट-दोन चिमूट, मूठ नाही. अंड्याची टरफलं घाला हवी तर, पण ती इतकी सावकाश काम करतात की आजारी झाडाला त्यांचा काही आधार नाही.

मिश्रण मी असं करतो. लाल माती चाळून एक भाग, जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, आणि जाड रेती किंवा कौलांचा बारीक चुरा एक भाग, चुरा म्हणजे वाटाण्याच्या अर्ध्या आकाराचे तुकडे, पूड नको. जुन्या घरावरची मंगलोरी कौलं उतरवलेली कुठे ना कुठे पडलेली असतातच, ती फोडून चाळून घ्या, याच्याइतकं चांगलं आणि फुकटचं काही नाही. भाताचं जळकं तूस मिळालं तर तेही घाला, माती मोकळी राहते. समुद्रावरची रेती कृपा करून आणू नका, कितीही धुतली तरी मीठ आणि शिंपल्यांचा चुरा राहतोच.

कोकोपीट धुणं म्हणजे विटेवर पाणी ओतून फुगवणं नव्हे. फुगल्यावर कापडात घालून दोन-तीन पाण्यांनी पिळून काढा, चहाच्या रंगाचं पाणी फिकट होईपर्यंत. किनारपट्टीवरच्या नारळाच्या सोडणांचं कोकोपीट असतं, त्यात मीठ असू शकतं, आणि न धुता वापरलं तर पानांच्या कडा जळतात.

आणि एक, कुंडीच्या तळाला चार बोटं खडी भरायची जुनी सवय आहे ती सोडा. पाणी मातीतून खडीत पटकन उतरत नाही, मातीच्या तळाशीच अडून राहतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ वर येतो. भोकावर एक कौलाचा तुकडा उपडा ठेवला की पुरे.

पाणी

रोज पाणी घालायचं हा नियमच नको. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. मातीची कुंडी असेल तर बोटाच्या सांध्याने टकटक करा, खणखणीत आवाज आला तर माती सुकलीय, बद्द आला तर अजून ओल आहे. प्लास्टिकची असेल तर उचलून वजन बघायची सवय करा. पाणी घालाल तेव्हा मात्र खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला, थोडं थोडं शिंपडलं तर वरचा इंचभर ओला आणि खाली क्षार साचत जातात.

मातीच्या कुंडीबद्दल माझा आग्रह आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साध्या, रंग न लावलेल्या कुंड्या मिळतात त्या घ्या, बाहेरून ऑइल पेंट मारू नका, भिंतीतून ओल बाहेर जाते तोच तिचा उपयोग. काळी प्लास्टिकची कुंडी मार्चच्या उन्हात हात लावून बघा, आत मुळांचं काय होत असेल ते कळतं. प्लास्टिकचीच असेल तर ती जरा मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा.

समुद्राजवळ किंवा खाडीकाठाला राहणाऱ्यांनी एप्रिल-मे मध्ये विहिरीचं पाणी चाखून बघावं. बारदेस, तिसवाडी, सासष्टीच्या किनाऱ्याकडे उन्हाळ्यात काही विहिरी मचूळ होतात, आणि तेच पाणी झाडाला जातं. कुंडीवर बाहेरून पांढरे पापुद्रे, पानांची टोकं करपलेली, वाढ बंद, ही त्याची खूण. त्या दोन महिन्यांत नळाचं पाणी द्या, आणि एकदा कुंडीच्या मापाच्या तीन-चार पट गोडं पाणी सावकाश ओतून माती धुवून काढा. मिरामार, कोलवा असल्या ठिकाणी समोरून खारा वारा येतो, तिथे कुंडी वाऱ्याच्या तोंडावर न ठेवता भिंतीच्या आडोशाला ठेवणं एवढाच इलाज.

पावसाळ्यात काय करायचं

मिरग लागायच्या आधी, म्हणजे मे संपता संपता, सगळी जिरेनियमं उचलून पावळीच्या आत आणायची. बाल्कांव, म्हणजे घरापुढची उघडी पडवी, असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, वर छप्पर, तीन बाजूंनी हवा, उजेडही बरा. पावळीचं पाणी उडून कुंडीत पडणार नाही इतकं आत ठेवा. खालच्या बशा काढून टाका, कुंडी दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा म्हणजे भोकाखालून हवा खेळते. दोन कुंड्यांत वीतभर अंतर हवंच, पानाला पान चिकटलं की करडी बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. जुलैत आठ-दहा दिवस पाणी घातलं नाही तरी चालतं, कधी त्याहूनही जास्त, बोटाने बघूनच ठरवा. पिवळी पानं, सुकलेली फुलं रोजच्या रोज काढा, तिथेच बुरशीला सुरुवात होते.

फ्लॅटमध्ये ग्रिलच्या आत ठेवणार असाल तर एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा कुठे जाते ते बघा. रात्रभर गरम वारा लागलेलं झाड वाढत नाही.

पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला खरबरीत, बुचासारखे फोड येतात, वेलीसारख्या लोंबणाऱ्या जिरेनियमवर जास्त. हा रोग नाही. मातीत पाणी भरपूर, हवा दमट, पानातून पाणी बाहेर जायला वाव नाही, मग पेशी फुगून फुटतात आणि तिथे खपली धरते. औषध मारून काही होत नाही. पाणी कमी करा, हवा वाढवा, जुनं पान तसंच राहील, नवीन स्वच्छ येतील.

ऊन

देठ उंच होत चाललंय, दोन पानांमधलं अंतर वाढलंय, पानं मोठी पण फिकट, फुलं नाहीत, तर उजेड कमी पडतोय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार-पाच तास थेट ऊन हवं, अख्खा दिवस मिळालं तरी चालेल. मार्चपासून सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं द्या आणि दुपारी सावली. पश्चिमेची बाल्कनी असेल तर हिरवं शेडनेट लावा. अंगणात आंब्या-फणसाखाली ठेवलेली कुंडी सावलीतही असते आणि पानांवर वरून थेंबही टपकत राहतात, दोन्ही वाईट. उंच वाढलेलं झाड उन्हात नेल्याने बुटकं होत नाही, त्याचे शेंडे खुडावेच लागतात, आणि एकदम उन्हात नेऊही नका, आठवडाभर हळूहळू सरकवा.

कापून टाकायचं की फेकून द्यायचं

देठ मातीपाशी काळं पडून वर वर काळं होत चाललंय, दाबलं तर मऊ, ओलं, चकचकीत, ही ब्लॅक लेग. जास्त पाणी आणि पिथियम नावाची बुरशी. खालचा भाग परत येत नाही. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी घरी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, असतं म्हणून लोक तेच ओततात, पण कुजलेलं देठ त्याने हिरवं होणार नाही. वरचा निरोगी शेंडा कापा, काप आतून एकसारखा हिरवट-पांढरा असला, कुठेही तपकिरी डाग नसला तर त्याची कटिंग लावा, बाकी टाका.

दुसरा आहे तो जास्त वाईट. पानाच्या कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा पट्टा, मधे तपकिरी, आणि माती ओली असूनही पान देठावरच लोंबतं. हा जिवाणूचा करपा, गरम दमट हवेत झपाट्याने पसरतो आणि त्याला औषध नाही. झाड मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात, कटिंगसुद्धा घेऊ नका, कंपोस्टमध्ये टाकू नका, कात्री स्पिरिटने पुसा, हात साबणाने धुवा. मन होत नाही टाकायला, समजतं मला, पण एकाला वाचवताना शेजारची दहा जातात.

तांबेरा ओळखायला सोपा, पानावर पिवळे ठिपके आणि त्याच्या बरोब्बर खाली गोल कड्यासारखी तपकिरी भुकटी. ती पानं काढून टाका आणि पानांवर पाणी मारणं बंद करा, लवकर पकडला तर आटोक्यात येतो.

किड्यांचं थोडक्यात. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी असेल तर नीम तेल ५ मिली, एक लिटर पाणी, दोन-तीन थेंब भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने परत. मुंग्यांची रांग चढताना दिसली तर वर पिठ्या आहे का ते बघा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत पानं धुरकट होऊन बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पावसात गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचा. मुळांवर पिठ्या असेल तर सगळी माती झटकून, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवून, नव्या मातीत. सूत्रकृमीच्या गाठी असतील तर झाड ठेवू नका, आणि ती माती मे महिन्याच्या उन्हात पातळ पसरून, ओली करून, वर पारदर्शक प्लास्टिक घालून महिनाभर तापवल्याशिवाय कशालाच वापरू नका.

आता खत

मुळं पांढरी आहेत, पीएच ठीक आहे, ऊन आहे, महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आहे, आणि तरीही पानं लहान आणि फिकट, मग खत द्या. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. कळ्या दिसायला लागल्या की पोटॅश जास्त असलेलं. शेणखत, पेंड यांचा मारा केला तर पानं गर्द होतात आणि फुलं येत नाहीत, नत्र जास्त झालं. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी, एप्सम सॉल्ट एक चमचा लिटरभर पाण्यात, महिन्यातून एकदा. मार्च मध्यानंतर खत बंद.

जात निवडताना एक सांगतो. मोठ्या, सुरकुतीच्या पाकळ्यांची, मधे गडद डाग असलेली रीगल जिरेनियमं दिसतात फार सुंदर, पण त्यांना कळ्या धरायला कित्येक आठवडे साधारण १५ डिग्रीच्या खालच्या रात्री लागतात, आणि त्या आपल्या किनाऱ्याला मिळत नाहीत. आणताना जी फुलं असतात तेवढीच. पानावर गडद पट्टा असलेली साधी झोनल जात घ्या, तीच आपल्याकडे टिकते. लोंबणारी जात बाल्कांवात चांगली, गुलाबाच्या वासाची पानं असलेली सुगंधी जात फुलांसाठी नको, पानांसाठी ठेवा.

दसरा झाला, पाऊस थांबला की पावसाळ्यातून वाचलेल्या झाडांची छाटणी करायची. लांब, उघडी पडलेली देठं खालची दोन-तीन डोळे ठेवून कापायची, माती बदलायची, डोलोमाइट घालायचं. कापलेल्या शेंड्यांच्या चार-चार इंची कटिंग करा, खालची पानं आणि कळ्या काढा, आणि सावलीत संध्याकाळपर्यंत तशाच ठेवा, कापलेली जागा कोरडी होऊ दे. मग निम्मी रेती निम्मं कोकोपीट भरलेल्या लहान कुंडीत दोन इंच खोचा, एकदा पाणी द्या आणि नंतर वरचं सुकल्यावरच. प्लास्टिकची पिशवी घालून झाकायचं नाही, गुलाबाला चालतं, हे आत सडतं. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. चार पानं नवी आली की शेंडा खुडा म्हणजे बाजूने फुटवे येतील. अशाच दोन-चार कटिंग मेच्या सुरुवातीलाही करून ठेवा, जुनं झाड पावसात गेलं तरी तीच जात हातात राहते, आणि छोट्या कुंड्या खिडकीत ठेवायला जागाही कमी लागते.